श्रद्धेविषयी बोलायचं कसं? ठाणे-नवी मुंबईतल्या ख्रिस्ती माणसांसाठी

ऐरोलीतली सोसायटी असो, वागळे इस्टेटमधला कारखाना असो की घोडबंदर रोडवरचा टॉवर, बहुतेक ठिकाणी आपण एकटेच ख्रिस्ती असतो. अख्ख्या विंगमध्ये एक घर, अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये एक माणूस. त्यामुळे आपण काही बोललो की ते आपलं एकट्याचं बोलणं राहत नाही, शेजाऱ्यांच्या लेखी ‘ख्रिश्चन लोक असं म्हणतात’ असं होऊन बसतं. एवढी जबाबदारी असूनही याची तयारी मंडळीत (चर्चमध्ये) फारशी होत नाही. नाताळच्या गाण्यांना महिनाभर तालीम चालते. शेजारच्या काकांनी ‘तुम्ही देवळात का येत नाही हो?’ असं विचारलं तर काय बोलायचं, हे मात्र ‘प्रभू शब्द देईल’ म्हणून सोडून दिलं जातं. प्रभूनं ते अभिवचन दिलं ते अधिकाऱ्यांपुढे धरून नेल्या जाणाऱ्या शिष्यांना (मत्तय 10:19). चहा पिताना विनातयारी बोलायची ती सवलत नाही.

आपल्यासाठी पेत्राच्या पहिल्या पत्रातलं 3:15 हे वचन आहे. तुमच्या ठायी असलेल्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, आणि ते सौम्यतेनं, आदरानं द्या, असं पेत्र लिहितो. हे पत्र पोंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया अशा प्रांतांत विखुरलेल्या, संख्येनं थोड्या असलेल्या विश्वासणाऱ्यांना होतं. आपल्यासारख्यांनाच, म्हणा ना. त्यातला ‘जो विचारील’ हा भाग आपण घाईत वाचून जातो. माझं सगळं म्हणणं त्याच्यावरच उभं आहे: समोरच्याला विचारावंसं वाटेल असं वागावं, आणि त्यानं विचारलं की जेवढं विचारलं तेवढंच, खरं आणि प्रेमानं सांगावं.

पहिली पायरी: आपली साक्ष लिहून काढा

एक वही घ्या आणि आपण विश्वासात कसे आलो, किंवा जन्मापासून ख्रिस्ती असाल तर विश्वास आपला स्वतःचा कधी झाला, ते लिहा. प्रेषितांच्या कृत्यांच्या 26 व्या अध्यायात प्रेषित पौल अग्रिप्पा राजापुढे बोलतो, ते आधी वाचून घ्या. आधी मी कसा होतो, मला प्रभू कसा भेटला, त्यानंतर काय बदललं, असे त्याचे सरळ तीन भाग आहेत. तेवढे पुरतात. मोठ्यानं वाचायला तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर कापा. ठाणे-वाशी लोकलमध्ये रबाळे ते घणसोली एवढ्या वेळात संपली पाहिजे.

नमुना म्हणून एक साधी साक्ष देतो.

‘वडील गेल्यानंतर मी घरात कुणाशी धड बोलत नव्हतो. कामावरून यायचो, जेवायचो, टीव्ही लावायचो. एका मित्रानं मार्काचं शुभवर्तमान वाचायला दिलं. त्यात एक कुष्ठरोगी येशूकडे येतो. येशूनं नुसतं म्हटलं असतं तरी तो बरा झाला असता, पण येशू आधी त्याला हात लावतो. ज्याला कुणी शिवत नव्हतं त्याला. ते वाचून मला रडू आलं. मग मी प्रार्थना करायला लागलो. वडिलांची आठवण अजून येते, पण आता मी घरात बोलतो.’

यात काय नाही ते पाहा. जुन्या धर्माला नावं ठेवलेली नाहीत. ‘सगळे प्रश्न सुटले’ असा दावा नाही. शेवटी ‘तुम्हीपण या’ असं आमंत्रणही नाही. ऐकणाऱ्याला वाटलं तर तो विचारील, ‘ते पुस्तक कुठे मिळतं?’ नाही विचारलं तरी त्यानं एका माणसाची खरी गोष्ट ऐकलेली असते.

लिहिताना तीन ठिकाणी हात आवरा. पहिलं, पूर्वीचं पाप रंगवू नका. दारू कधीमधी घेत होता तर ‘अट्टल दारुडा होतो’ म्हणू नका. दुसरं, आजार बरा झाल्याचं सांगत असाल तर ऑपरेशन आणि औषधंही सांगा. डॉक्टरांनी केलेलं काम गाळून ‘फक्त प्रार्थनेनं’ म्हणणं ही खोटी साक्ष झाली, आणि खोटी साक्ष देऊ नको अशी आपल्याला आज्ञाच आहे. तिसरं, आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या श्रद्धेविषयी आदरानं लिहा. ज्या आजीनं तुम्हाला हात जोडायला शिकवलं ती ‘अंधारात’ होती असं म्हटलंत, तर समोरचा स्वतःच्या आजीचा विचार करतो आणि तिथेच तुमच्यापासून लांब जातो.

योहानाच्या 9 व्या अध्यायातला जन्मांध माणूस मला या बाबतीत सगळ्यात जवळचा वाटतो. परूशी, म्हणजे त्या वेळचे कडक यहूदी धर्मपुढारी, त्याला येशूविषयी खोदून खोदून विचारतात. तो पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही, एवढं ठाऊक आहे की मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, असं तो म्हणतो. आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढ्यावर तो ठाम राहतो. हे शिकून घेतलं तर पुढची निम्मी भांडणं टळतात.

दुसरी पायरी: बोली घरची ठेवा

वर्षानुवर्षं मंडळीत बसून आपली एक वेगळी मराठी तयार झाली आहे. ‘माझं तारण झालं’, ‘तुमच्याविषयी ओझं आलं’, ‘प्रभूनं मला दाखवलं’, ‘आपली गोड सहभागिता झाली’. आपल्याला यातलं अक्षर न् अक्षर कळतं. नेरुळच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंना मात्र ‘ओझं आलं’ म्हणजे काय ते कळणार नाही. त्यांना ‘मला तुमची सारखी काळजी वाटत होती’ असं सांगा. ‘तारण झालं’ ऐवजी ‘देवानं मला माफ केलं, आपलं म्हटलं, असा माझा विश्वास आहे’ म्हणा. ‘प्रभूनं मला सांगितलं की तुमच्याशी बोल’ हे तर कधीच म्हणू नका. त्यावर समोरच्यानं काय बोलायचं? ‘प्रार्थना करताना तुमची आठवण झाली’ हे खरंही आहे आणि त्यावर त्याला बोलताही येतं.

‘तुम्ही पापी आहात’ हे मराठी कानाला शिवीसारखं लागतं. ‘आपण सगळेच चुकतो, मीही चुकतो’ म्हटलं की अर्थ तोच पोहोचतो, आणि बोलणारा स्वतःही त्यात येतो. ‘मूर्तिपूजक’, ‘हरवलेले’, ‘सैतानाचा गड’, ‘आत्मे जिंकणं’ हे शब्द तर मंडळीच्या आतसुद्धा टाळावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. उपासना आता यूट्यूबवर लाइव्ह असते. शिवाय बाहेर काय बोलायचं आणि आत काय, अशी दोन तोंडं आपल्याला शोभत नाहीत.

सोप्या भाषेचा हा आग्रह नवा नाही. गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत रचली. त्यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूर इथे छापलं गेलं. लोकांना पुराणं ऐकायची सवय होती, त्याच चालीवर त्यांनी ती ऐकवली. पंडिता रमाबाईंनी खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याची शेवटची वर्षं सोप्या मराठीत पवित्र शास्त्र आणण्यात घालवली. त्या 1922 साली गेल्या, संपूर्ण पुस्तक त्यांच्यानंतर बाहेर आलं. कवी ना. वा. टिळकांची भजनं तर आपण दर रविवारी म्हणतो. या तिघांच्या वारसदारांनी शेजाऱ्याशी बोलताना साध्या मराठीची कास सोडू नये.

तिसरी पायरी: आधी ऐका, आणि खरंच ऐका

याकोब म्हणतो, ऐकायला तत्पर, बोलायला धीमे, रागाला मंद असा. नीतिसूत्रांत 18:13 मध्ये याहून कडक आहे: ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आणि लाजिरवाणी गोष्ट. आपल्यापैकी कित्येकजण समोरचा बोलत असताना मनात वचन शोधत असतात. ते चेहऱ्यावर दिसतं.

टिळकांचीच गोष्ट घ्या. ते अजून ख्रिस्ती झालेले नव्हते, नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं चालले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. बोलणं निघालं ते कवितेवर, संस्कृत साहित्यावर. त्या गृहस्थानं आदरानं ऐकलं, स्वतःही बोलला, आणि मग त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला आणि 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपणही रोज लोकलनं जातो, म्हणून ही गोष्ट आपल्याला जवळची वाटायला हवी. पण तिच्यातून ‘डब्यात पुस्तकं वाटा’ एवढाच अर्थ काढू नका. तिथे आधी दोन माणसांच्या गप्पा झाल्या, आणि एकाला दुसऱ्याच्या विद्वत्तेची कदर होती.

प्रत्यक्षात हे असं करा. समोरच्याच्या श्रद्धेविषयी खरी उत्सुकता असेल तर विचारा: ‘काका, तुम्ही इतकी वर्षं वारीला जाता, तिथे काय वाटतं?’ आणि मग गप्प बसा. त्यांचं बोलून झाल्यावर लगेच ‘आमच्यात मात्र...’ सुरू करू नका. त्या दिवशी तुमची पाळी आली नाही तरी चालेल. काका वारीबद्दल मनापासून बोलले, तर पुढे कधीतरी तेही तुम्हाला मनापासून विचारतील. शोमरोनी स्त्रीशी (यहूदी ज्यांना परकं मानत त्या समाजातल्या) येशूचं बोलणं सुरू झालं ते ‘मला प्यायला दे’ या विनंतीनं (योहान 4). मागण्यात कमीपणा वाटू न देता त्यानं आधी तिच्याकडून पाणी मागितलं. शेजाऱ्याकडून काही घ्यायलाही शिका, त्याची मदत मागा, त्याचा सल्ला घ्या.

मैत्री मात्र खरी असू द्या. ‘याला मंडळीत आणायचं’ म्हणून केलेली मैत्री लोक ओळखतात, आणि तसं वागणं प्रेमाच्या आज्ञेत बसतही नाही.

चौथी पायरी: जागा आणि माणूस ओळखा

काही ठिकाणी आपण होऊन विषय काढूच नये. हाताखालच्या माणसाकडे, घरकामाला येणाऱ्या मावशींकडे, आपण शिकवतो त्या मुलांकडे. त्यांना ‘नको’ म्हणायची मोकळीक नसते, पगार किंवा मार्क आपल्या हातात असतात. त्यांनी विचारलं तर थोडक्यात सांगा आणि थांबा. दुसऱ्याच्या लहान मुलांशी त्यांच्या आई-वडिलांच्या माघारी धर्माविषयी बोलायचं नाही, त्याला अपवाद नाही. घरी चित्रं रंगवायला, नाताळच्या खेळाला बोलवायचं असेल तर आई-वडिलांना आधी काय काय होणार ते नीट सांगा.

दवाखान्यात भेटायला गेलात तर आधी बसा. डबा हवा का, रात्री कुणी थांबायला हवं का, औषध आणायचंय का, हे विचारा. मग वाटलं तर: ‘मी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ ‘हो’ आलं तर हळू आवाजात, दोन वाक्यांत, शेजारच्या खाटेला त्रास होणार नाही अशी करा. ‘घरी जाऊन करा’ असं उत्तर आलं तर तसंच करा. आणि औषध थांबवा असं कुणी सुचवलं तर, तो आपल्याच मंडळीतला असला तरी, तिथल्या तिथे आडवा.

तलावपाळीला किंवा स्टेशनबाहेर पत्रकं वाटण्याविषयी मला फारसा उत्साह नाही. वाटायचीच असतील तर कुणाच्या हातात कोंबू नका, देवळाच्या दारात किंवा मिरवणुकीच्या वाटेवर उभे राहू नका, आणि खाली पडलेली पत्रकं स्वतः गोळा करून न्या.

पाचवी पायरी: नेहमीचे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं

इथे जरा थांबतो, कारण खरी कसोटी इथेच लागते.

*‘तुम्ही प्रसाद का घेत नाही?’* गणपतीत हा प्रश्न हमखास येतो. आपल्यात यावर एकमत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 8 वा आणि 10 वा अध्याय, जिथे मूर्तीला दाखवलेल्या अन्नाचा विषय आहे, तो वाचून प्रत्येकानं आपल्या विवेकबुद्धीनं ठरवलं आहे. जे घेत नाहीत त्यांनी आरती संपल्यावर ताट पुढे आलं की सगळ्यांसमोर हात आखडता घेऊ नये. यजमानांना आधीच, बाजूला घेऊन सांगावं: ‘वहिनी, नैवेद्य मी घेत नाही, तेवढी माझ्या श्रद्धेची गोष्ट आहे. राग मानू नका. पण तुमच्याकडे जेवायला मला आवडेल, आणि सकाळी काही मदत हवी असेल तर सांगा.’ मग खरोखर सकाळी जाऊन खुर्च्या लावाव्यात. नाताळात आपण करंज्या, कुलकुल, केक घेऊन त्यांच्या दारी जातो, तेव्हा तेही आनंदानं घेतात याची जाण ठेवावी.

*‘हा इंग्रजांचा धर्म ना?’* चिडू नका, इतिहास सांगा. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशानं पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘कलियाना’ बंदरात ख्रिस्ती लोक आणि त्यांचा बिशप असल्याचं लिहून ठेवलं आहे. ते बंदर म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले, तेव्हा इथे ख्रिस्ती कुटुंबं राहत होती, त्यांनीच या साधूंना आसरा दिला होता. इंग्रज त्यानंतर कितीतरी उशिरा आले. हे सांगताना जिंकल्याचा आव नको, ‘अहो, ठाण्याचा इतिहासच गमतीदार आहे’ अशा सुरात सांगा. आणि पोर्तुगीजांच्या काळात जबरदस्ती झाली, देवळं पाडली गेली, हेही विचारलं तर नाकारू नका.

*‘पैसे, तांदूळ देऊन बाटवता ना?’* हा प्रश्न टोचतो, म्हणूनच शांत उत्तर द्यावं. ‘मला कुणी काही दिलेलं नाही. लालूच दाखवून कुणी धर्म बदलायला लावत असेल तर ते मलाही चुकीचं वाटतं.’ विषय वाढला तर नगरकडच्या 1876 नंतरच्या दुष्काळाचं बोलावं. तेव्हा मिशनऱ्यांनी अन्न दिलं, आणि त्या काळात पुष्कळ लोक मंडळीत आले. त्यातल्या काहींच्या मनात पोटाचा विचार असेलही. पण त्यांच्यातल्या अनेकांच्या पुढच्या पिढ्या आज शिक्षिका, परिचारिका, कारकून म्हणून काम करतात आणि कुणी तांदूळ न देता विश्वासात टिकून आहेत.

*‘तुमच्यात जात नाही ना?’* ऐरोली, घणसोली, कळवा इथे आपले कितीतरी शेजारी बाबासाहेबांना मानणारे बौद्ध आहेत. त्यांच्याकडून हा प्रश्न येतो तेव्हा तो अभ्यास करून आलेला असतो. ‘ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही’ हे वचन (गलती 3:28) सांगा आणि लगेच हेही सांगा की आपल्या मंडळ्यांत लग्न जमवताना अजून जात विचारली जाते. हे झाकून ठेवलंत तर पुढचं काहीच खरं वाटणार नाही.

*‘सगळे देव एकच ना शेवटी?’* हा प्रश्न बहुधा वाद मिटवायला, प्रेमानं विचारला जातो. तो तशाच मनानं घ्यावा. ‘देव एकच आहे असं मीही मानतो. तो मला येशूत ओळखता आला, म्हणून मी त्याच्या मागे आहे.’ एवढ्यावर थांबा. पुढे विचारलं तर पुढचं.

*‘मग आम्ही नरकात जाणार का?’* न्याय करणारे आपण नाही. ‘न्याय देवाचा आहे आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी दयाळू आणि न्यायी आहे. मला फक्त येशू कसा आहे ते सांगता येतं’ हे उत्तर पळवाट वाटू शकतं, पण शास्त्राशी ते प्रामाणिक आहे. गोलमाल बोलून विश्वास पातळ करू नका आणि समोरच्याच्या कपाळावर निकालही लिहू नका.

*‘देव आहे तर माझं लेकरू का गेलं?’* इथे उत्तर देऊच नका. बायबलमधला ईयोब मुलंबाळं, सगळं गमावून बसला तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडल्यावर त्यांनी सगळं बिघडवलं. त्या माउलीच्या शेजारी बसा, तिचं नाव घेऊन बोला, गेलेल्या लेकराचंही नाव घ्या. महिन्यानं, वर्षानं पुन्हा जा.

दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी एक शब्दही वाईट नको

याला मी पायरी म्हणत नाही, कारण ते प्रत्येक पायरीवर लागतं.

इफिसात अर्तमी देवीच्या भक्तांनी मोठी दंगल केली. पौलाचे सोबती पकडले गेले. तेव्हा नगराच्या चिटणिसानं जमावाला काय सांगितलं? ही माणसं देवळं लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत (प्रे. कृत्ये 19:37). पौलानं त्या शहरात बराच काळ शिकवलं होतं, हातांनी केलेले देव हे देव नव्हेत असंही तो स्पष्ट सांगत असे. तरीही देवीला शिवीगाळ केल्याचा आरोप एका परक्या अधिकाऱ्यानं फेटाळला. आपल्या बाबतीत सोसायटीचा सेक्रेटरी असं म्हणेल का, हे प्रत्येकानं स्वतःला विचारावं. अथेन्समध्ये पौलाचं मन मूर्ती पाहून कासावीस झालं, पण अरियपग या तिथल्या सभेच्या जागी उभा राहिल्यावर त्यानं ‘तुम्ही फार धर्मशील आहात’ अशी सुरुवात केली आणि त्यांच्याच कवींची ओळ सांगितली.

1321 च्या त्या चार साधूंची जी हकीकत ओडोरिक या प्रवाशानं नोंदवली, तिच्यात काझीनं त्यांना इस्लामच्या प्रेषितांविषयी मत विचारलं आणि त्यांनी कठोर शब्दांत उत्तर दिलं, असं येतं. त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण राबोडीत किंवा मुंब्र्यात राहणाऱ्या मुस्लिम मित्रानं आज तोच प्रश्न विचारला तर ‘तुम्ही त्यांना किती मानता हे मला माहीत आहे. मी येशूविषयी सांगू शकतो, ते ऐकायचं असेल तर सांगतो’ असं उत्तर द्यावं, आणि त्यात भित्रेपणा काहीही नाही.

सहावी पायरी: कायदा माहीत करून घ्या

संविधानाच्या कलम 25 नं प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा हक्क त्यात येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 आणि 302 मध्ये मुद्दाम धार्मिक भावना दुखावण्याला शिक्षा आहे. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून महाराष्ट्रात आहे, तेव्हा चमत्काराच्या नावावर पैसा घेणं, फसवणं हा आध्यात्मिक प्रश्न तर आहेच, गुन्हाही आहे. धर्मांतराविषयीचे राज्यांचे नियम बदलत राहतात, म्हणून मंडळीच्या ओळखीच्या वकिलाला वर्षातून एकदा बोलावून सगळ्यांसमोर आजचा नियम समजावून घ्या.

मदत आणि साक्ष एकत्र करू नका. रेशनची पिशवी दिली त्या दिवशी पत्रक देऊ नका, फी भरली त्या महिन्यात उपासनेला बोलावू नका. कायद्याच्या भीतीनं तर नकोच, पण त्याहून मोठं कारण असं की घेणाऱ्याला उपकाराचा भार वाटतो आणि त्याचं ‘हो’ त्याचं राहत नाही.

घरच्या प्रार्थनेवर कुणी जमावानं येऊन आरडाओरड केली तर वाद घालू नका. मुलांना आणि म्हाताऱ्यांना आतल्या खोलीत न्या, एकानंच बोलायचं, तेही ‘बसा, पाणी घ्या’ अशा शब्दांत. 112 ला फोन करा, पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) कळवा. नीतिसूत्र 15:1 मधलं मृदू उत्तर अशाच वेळेसाठी आहे.

मोबाइलवर

सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकू नका. तो ग्रुप पाण्याच्या टँकरसाठी आणि लिफ्टच्या बिघाडासाठी आहे. स्वतःच्या स्टेटसवर हवं ते ठेवा. दुसऱ्या धर्माची चूक दाखवणारा व्हिडिओ, कितीही ‘खरा’ वाटला तरी, पुढे पाठवू नका. चमत्काराच्या बातम्या स्वतः खात्री केल्याशिवाय तर नकोच.

सातवी पायरी: त्यानं आणखी विचारलं तर, आणि नको म्हटलं तर

कुणी ‘मला वाचायला द्या’ म्हणालं तर अख्खं पवित्र शास्त्र हातात ठेवू नका, माणूस उत्पत्तीपासून सुरुवात करून लेवीय पुस्तकात अडकतो. मार्काचं शुभवर्तमान द्या. चारांत ते सगळ्यात लहान, 16 अध्यायांचं आहे. आठवड्यानं भेटून ‘कळलं का?’ असं मास्तरांसारखं विचारू नका. ‘काय खटकलं?’ विचारा. प्रेषितांच्या कृत्यांत सुवार्तिक फिलिप्पानं रथातल्या कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याला तो वाचत होता त्याविषयीच विचारलं आणि तिथून पुढे नेलं.

उपासनेला यायचं म्हणाला तर काय काय होईल ते आधी सांगा: गाणी किती वेळ, चपला कुठे काढायच्या, दानाची थैली फिरते तेव्हा काही टाकायची गरज नाही, प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला) पुढे यायचं नाही आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही. त्याच्या शेजारी बसा. पहिल्याच दिवशी त्याला उभं करून टाळ्या वाजवायला लावू नका.

बाप्तिस्म्याची घाई तुम्ही करू नका. किंमत काय पडते ते सांगा. घरचे दुरावू शकतात. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये, आणि मधली वर्षं त्या दोघांना फार जड गेली. ही व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर त्या सवलती मिळत नाहीत, हेही आधीच सांगितलं पाहिजे. नोकरीच्या, शिक्षणाच्या वाटेवर असलेल्या तरुणाला हे नंतर दुसऱ्याकडून कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटेल, आणि तसं वाटण्यात त्याची चूक नसेल. नवरा-बायकोतल्या एकालाच यायचं असेल तर दुसऱ्याला अंधारात ठेवून काही करू नका. पाळकांनी घरी जाऊन दोघांशी बोलावं.

आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नको’ असंच येतं. ‘तुमचं चांगलं आहे, पण आमचं आम्हाला बरं आहे.’ तिथे विषय बंद करा. ‘बरं, काही हरकत नाही’ म्हणा, आणि पुढच्या भेटीत तो पुन्हा काढू नका, आडून सुचवू नका, ‘मी तुमच्यासाठी अजून प्रार्थना करतोय’ असं ऐकवू नका. प्रार्थना करायची असेल तर घरी दार लावून करा. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तर आहेर घेऊन वेळेवर जा, आणि हॉलवर पंगत वाढायला माणसं कमी पडली तर कोट काढून वाढायला उभे राहा.